हरलेल्याने पट लावायचा

१

दुपारी तीनला वाचनालय उघडायचं, हे महिनाभरापासून दुर्गेश्वरी बिसेनचं काम झालं होतं. सौंदड स्टेशनाच्या अलीकडे, रुळांना लागून असलेली ती एकाच खोलीची इमारत. कुलूप काढायचं, दार लोटायचं, रुळांकडची खिडकी उघडायची. मग राइस मिलमधून शिजत्या धानाचा वास आत यायचा आणि खोली वापरात असल्यासारखी वाटायची. साडेतीनला बुद्धिबळाच्या वर्गाची पोरं येत. तोवर कपाटातले आठ पट काढून टेबलांवर ठेवून द्यायचे. सोंगट्या लावायच्या नाहीत. ते पोरांचं काम.

त्या मंगळवारी तिने दार लोटलं, तर खिडकीजवळच्या टेबलावर एक पट लावलेला होता.

लाकडी पट. बाकीचे सात प्लास्टिकचे. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या आपापल्या घरात, पांढरी बाजू दाराकडच्या, तिच्या नेहमीच्या खुर्चीपुढे. दुर्गेश्वरीला आधी रागच आला. काल तिने स्वतः आठ पट मोजून कपाटात ठेवले होते. पोरांपैकी कुणी परत काढला असेल. पण पोरं गेल्यावरच तर तिने कपाट बंद केलं होतं.

ती जवळ गेली. सगळ्या सोंगट्या नीट होत्या, एक सोडून. पांढऱ्याचा राजाकडचा हत्ती अर्धा रेषेवर आला होता. कुणी बोट टेकवावं आणि लगेच काढून घ्यावं, तसा.

तिने तो घरात सरकवला. मग बोट कुर्त्याला पुसलं. का पुसलं, ते तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष केशोराव काठी आपटत आले.

"दुर्गे, रविवारचं पक्कं झालं. सभापती येऊन राहिले. तुले पाच मिनिटं बोलायचं आहे. विषय मीच काढला. मोठ्या खेळाडूचे गुण."

"सत्कार माझा, भाषणही मीच द्यायचं? हार पण मीच गुंफून आणते ना, केशोकाका."

"हार माह्याकडे लागला. तू फक्त जीभ आवर." केशोराव खुर्चीत टेकले. "आन बाहेरच्या पाटीचं पेंटरले सांगून ठेवलं. मार्गदर्शक म्हणून बकारामचं नाव आहे, ते पुसून तुझं."

"त्यांचं राहू द्या."

"कायले? शेवटी शेवटी बुढ्याले घोडा न उंट वेगळा दिसत नव्हता मनते. तूच तर सांगितलं होतं भरल्या सभेत."

दुर्गेश्वरीने खिडकी उगाच आणखी ढकलली. ती आधीच पुरती उघडी होती.

२

बकाराम मेश्राम तीस वर्षं रेल्वे फाटकावर होते. दुर्गेश्वरी नऊ वर्षांची असताना शाळेतून येता-जाता त्यांच्या फाटकाच्या खोलीत डोकवायची. तिथे पाण्याच्या माठाशेजारी हा लाकडी पट असायचा. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा कधीतरी फाटकाच्या चाकात चेंगरला होता. त्याचं नख कायमचं काळं पडलेलं. त्याच अंगठ्याने आणि एका बोटाने ते सोंगटी उचलत. पहिली चाल नेहमी राजापुढच्या प्याद्याची, आणि तीही एकच घर. "दोन घरं जाता येते, काका," ती ओरडायची. "येते न. पन घाई कोनाले आहे?" ते म्हणायचे. त्या संथपणाचा तिला इतका राग यायचा की रागाच्या भरात ती चांगलं खेळायला शिकली.

फाटकावरचा एक नियम होता. डाव संपला की घंटी वाजायच्या बेतात असायची. म्हणून जिंकलेल्याने जाऊन फाटक लावायचं आणि हरलेल्याने पट. दोन्ही बाजूंचा, स्वतः फिरून; समोरच्याच्या सोंगट्याही त्याच्या खुर्चीकडे जाऊन लावायच्या. पांढऱ्या जिंकलेल्याला. पहिली चाल त्याची. छोटी दुर्गेश्वरी हरली की सोंगट्या आदळायची, आणि बकाराम फाटक लावून येत तेव्हा अर्धा पट वाकडा असायचा.

"मोठा खेळाडू कसा वळखाव, सांगू? तो जिंकते कसा ते पाहू नोको. हरल्यावर पट कसा लावते, ते पाय."

म्हाताऱ्यांची बोलणी, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

मागच्या नोव्हेंबरात गोंदियाला जिल्ह्याची निवड स्पर्धा झाली. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला एकच जाणार. शेवटच्या फेरीत दोघं समोरासमोर आले, सौंदडचेच दोघं. काकांना बरोबरी पुरत होती. तिला जिंकणं भाग होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस राज्यावर जाऊन काय करणार, प्रवासातच दमेल, असं ती सकाळपासून मनात घोळवत होती.

सदतिसाव्या चालीला तिने राजाकडच्या हत्तीवर बोट ठेवलं. ठेवलं आणि दिसलं, की हत्ती हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. बोट उचलून तिने राजा सरकवला.

"हात लागला," काका हळूच म्हणाले. ज्या सोंगटीला हात लागला तीच चालायची, हा नियम तिला त्यांनीच शिकवला होता.

पंच भुपेंद्र शेजारच्या पटाकडून वळून आले. "काय झालं?"

"काही नाही सर," दुर्गेश्वरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच स्वच्छ वाटला. "काकांना दिसत नाही नीट. मोतीबिंदू आहे त्यांना. नाही लागला हात."

आजूबाजूला चाळीस माणसं होती. एका बाजूला कॉलेजची पोरगी, दुसऱ्या बाजूला मळक्या सदऱ्यातला फाटकवाला. भुपेंद्रांनी फार विचार केला नाही. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "असन," ते म्हणाले. बारा चालींनी ते हरले.

सगळे उठले तेव्हा काका पट लावत होते. आधी स्वतःची बाजू. मग टेबलाला वळसा घालून तिची. तिचा हत्ती सगळ्यांत शेवटी.

जानेवारीत ते गेले. झोपेतच, असं कळलं. दुर्गेश्वरी पोचवायला गेली नाही. प्रॅक्टिकल होतं. प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं.

३

बुधवारी पट पुन्हा लावलेला होता. हत्ती रेषेवर.

तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या पोरीने घाबरायचं नसतं. मालगाडी गेली की टेबल थरथरतं आणि सोंगटी सरकते, हे तिने मनात मांडलं. पण थरथरीने एकच सोंगटी कशी सरकेल? आणि कपाटातून पट बाहेर कसा येईल?

गुरुवारी कुणीतरी आत येतं का ते पाहायचं म्हणून तिने दुपारी बाराला दार उघडलं. पट कपाटात होता. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो तिने कपाटावरच्या पेपरांच्या गठ्ठ्यात खोचला, कुलूप लावलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर दाराकडे तोंड करून बसली. अडीच तास. कुणी आलं नाही. कुलपाजवळ एक बकरी येऊन गेली, तेवढीच.

आत गेली तेव्हा पट लावलेला होता.

घरी येऊन तिने कानात इयरफोन घातले. आईचं बाहेर तांदूळ पाखडणं चालू होतं. रेकॉर्डिंगमध्ये पहिला तासभर काहीच नव्हतं. पाल चुकचुकली. एक पॅसेंजर येऊन थांबली आणि गेली. मग कपाटाच्या दाराचा आवाज, इतका ओळखीचा की तो ऐकूनही तिला क्षणभर विशेष वाटलं नाही. मग फुंकर. पटावरची धूळ उडवतात तशी, लांब, दमाने मारलेली.

मग लाकडावर लाकूड टेकण्याचे आवाज. टक. टक. घाई नव्हती. ती मोजत गेली. सोळा झाले. खुर्ची सरकली. पावलं नव्हती, पण मध्ये बरोबर तेवढा वेळ गेला, जेवढा टेबलाला वळसा घालायला लागतो. मग पुन्हा सोळा.

बत्तीसनंतर बराच वेळ शांतता. आणि मग एक अगदी बारीक घासल्याचा आवाज. बोट टेकवून काढून घेतल्याचा.

तिने इयरफोन ओढून काढले. आई दारातून म्हणाली, "काऊन वं, अशी पांढरी काऊन पडली?"

"काही नाही."

"काही नाही, काही नाही. एवढी शिकली, पन तुले दुसरं उत्तरच येत नाही."

४

चावी. उत्तर चावीत असणार, असं तिने ठरवलं. काका दहा वर्षं वर्ग घेत होते. त्यांच्याकडे एक चावी होतीच. ती कुणाच्या तरी हाती लागली आहे आणि कुणीतरी तिची मस्करी करतंय. काल टपरीवर चहा घेताना क्षणभर दारावरची नजर चुकली असेल. माणूस असला की त्याला झापता येतं.

शुक्रवारी सकाळी ती रुक्माबाईंकडे गेली. बकारामकाकांच्या बायकोला ती महिनाभर टाळत होती. बाई अंगणात लाखोळीची डाळ वाळवत बसल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली काकांचा नवा, हार घातलेला फोटो. फोटोत ते नीट समोर पाहत होते.

"ये वं माय. बस. त्या दिवशी आली नाहीस."

"प्रॅक्टिकल होतं, काकू."

"अस्सं." रुक्माबाईंनी डाळीतून हात फिरवला. "मले वाटलं येशीन. सारे येऊन गेले. तो पंचबी आला होता."

दुर्गेश्वरीने घसा साफ केला. "काकू, काकांकडे वाचनालयाची चावी होती ना? ती कुठे आहे?"

"मले कायले इचारतेस? तुह्याच जवर आहे ते. नोव्हेंबरातच वापस करून आले अध्यक्षाले. मनलं, दिसत नाही त चाबी ठेवून का करू? पोराईचे डाव चुकीचे पाहीन. केशोरावानं तेच चाबी तुले देली असन न."

कुर्त्याच्या खिशातली चावी तिच्या मांडीला टोचत होती.

"त्याईनं वर्ग सोडला, खेळ सोडला," रुक्माबाई म्हणाल्या. आवाजात ना राग ना रडू, डाळ निवडावी तसं त्या बोलत होत्या. "रस्त्यानं चालतानी हात धराले लागले माहा. म्या मनलं, अवो, कालपर्यंत त सुईत दोरा घालून देत होते. त मनते, पोरगी खोटं कायले बोलन? लहानपनापासून पाहून राहिलो तिले. मलेच दिसत नसन."

"काकू—"

"डिसेंबरात डोऱ्याचं शिबिर होतं. म्याच नेलं वढत. डाक्टर हासला. मनला, बाबा, मोतीबिंदू नाही का काही नाही. तुमचे डोरे माह्यापेक्षा चांगले आहेत."

डाळीवर एक चिमणी येऊन बसली. रुक्माबाईंनी तिला हाकललं नाही.

"दोन दिस बोलले नाही. मंग मनलं, मनजे लागलाच होता हात. म्या मनलं, मंग जाऊन सांगा त्या पंचाले, सांगा गावाले! त मनते, नाही. म्या पट लावून देला आहे. आता चाल तिची होय."

५

भाषणाची वही तिने शुक्रवारी संध्याकाळी उघडली. वर शीर्षक होतं, खाली तीन गुण लिहिलेले होते. एकाग्रता, संयम, हजरजबाबीपणा. तिने ते एकेक करून पुन्हा वाचले. पंचाची पाठ कधी वळली आहे हे एका डोळ्याने टिपणं, ती एकाग्रता. बोट उचलताना चेहऱ्याची रेष न हलणं, तो संयम. आणि मोतीबिंदू ऐन वेळी सुचणं. हे तिन्ही गुण तिच्यात भरपूर होते. म्हणूनच काका हरले होते.

शनिवारी तिने वर्गाला सुटी दिली. आत जाऊन दाराला कडी घातली. पट लावलेलाच होता, पांढरी बाजू तिच्या खुर्चीपुढे, हत्ती रेषेवर.

"लागला होता," ती म्हणाली. हळूच, भिंतीला ऐकू जाईल एवढंच. "हात लागला होता, काका. बस?"

शेवटच्या त्या ‘बस?’मध्ये तिचा नेहमीचा उतावीळपणा होता. तिलाही तो ऐकू आला. मग तिने पट फिरवला, पांढऱ्या खिडकीकडच्या खुर्चीपुढे केल्या आणि एकेक सोंगटी घरात बसवली. चांगल्या भरभर. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आली तेव्हा तिला मोकळं वाटत होतं, आणि टपरीवर तिने समोसाही खाल्ला.

रविवारी सकाळी मंडपवाल्याला वायर हवी होती म्हणून तिने दार उघडलं. पांढऱ्या पुन्हा तिच्या खुर्चीपुढे होत्या. हत्ती रेषेवर होता. पण आता बाहेरच्या रेषेवर, पटाच्या इतका कडेला की जरा धक्का लागला तर पडेल.

ती चौकटीत उभी राहिली. चाळीस माणसांदेखत नाकारलेली गोष्ट तिने कडी लावून कबूल केली होती. असं कुठे असतं? काकांनी तिचा वाकडा पट कधी चालवून घेतला होता? फाटक लावून आले की ते न बोलता उभे राहायचे, ती पुन्हा लावेपर्यंत.

मंडपवाला मागून म्हणाला, "दीदी, वायर देते क्या?"

६

चारला कार्यक्रम सुरू झाला. सभापती, हार, नारळ, शाल. केशोरावांनी दुर्गेश्वरीचं एवढं कौतुक केलं की ती जन्मली तेव्हाच त्यांना हे सगळं कळलं होतं, असं लोकांना वाटावं. तिच्या वडिलांनी, लीलाधरांनी, पहिल्या रांगेत बसून दोनदा डोळे पुसले. नवीन पाटी स्टेजवर कापडाखाली झाकून ठेवली होती.

तिला माइक दिला. वही तिने आणली नव्हती.

"मोठ्या खेळाडूचे गुण मला माहीत नाहीत," ती म्हणाली. "ज्यांना माहीत होते त्यांना मी खोटं पाडलं. नोव्हेंबरात गोंदियाला माझा हात हत्तीला लागला होता. बकारामकाकांनी तो पाहिला. मी नाही म्हटलं. त्यांना मोतीबिंदू नव्हता. त्यांचे डोळे चांगले होते. तो डाव मी हरले होते. सकाळी बुद्धिबळ संघटनेला पत्र टाकलं आहे, राज्यावर मी जाणार नाही."

मंडपातल्या माना एकमेकांकडे वळल्या.

"पोरीले ऊन लागलं!" केशोराव उठले. "माइक बंद करा रे!"

"ऊन नाही लागलं, केशोकाका. आणि ती पाटी उघडू नका. जुनीच राहू द्या."

लीलाधर खाली पाहत होते. त्यांनी मान वर केलीच नाही, आणि त्या वाकलेल्या मानेचं तिला सगळ्यांत जास्त लागलं. सभापतींनी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगेतून रुक्माबाई उठल्या, पदर सारखा केला आणि तिच्याकडे न पाहता निघून गेल्या. माफ केलं की नाही, हे त्या पाठीवरून कळत नव्हतं. दुर्गेश्वरीने कळावं अशी अपेक्षाही केली नाही.

७

साडेपाचला ती वाचनालयात शिरली. या वेळी दार उघडंच ठेवलं. बाहेर मंडप उतरवण्याची ठोकाठोक आणि केशोरावांचं करवादणं चालू होतं. खिडकीतून रुळांपलीकडचं तिरपं ऊन थेट पटावर आलं होतं.

तिने सगळ्या सोंगट्या उचलून बाजूला ठेवल्या. पट फिरवला. लांब फुंकर मारून धूळ उडवली. आधी आपली काळी बाजू लावली, सोळा. मग उठून टेबलाला वळसा घातला आणि खिडकीकडच्या खुर्चीजवळ उभी राहून पांढऱ्या लावल्या. एकेक, घराच्या बरोबर मध्ये. आयुष्यात पहिल्यांदा तिला घाई नव्हती. राजाकडचा हत्ती शेवटी. तो रेषा सोडून आत, नीट बसला.

मग येऊन ती काळ्यांमागे बसली. हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली.

घंटी झाली. बल्लारशाहकडून मालगाडी आली, कोळशाची, लांबलचक. वाघिणी खिडकीपुढून जाऊ लागल्या आणि दोन डब्यांमधल्या फटीतून ऊन खोलीत ये-जा करू लागलं. उजेड, अंधार. उजेड, अंधार. टेबल थरथरत होतं. एकही सोंगटी हलत नव्हती.

अशा एका उजेडाच्या पट्टीत तिला राजापुढच्या प्याद्यावर टेकलेला अंगठा दिसला. काळ्या नखाचा.

पुढच्या पट्टीत नुसता पट होता.

गाडी निघून गेली. मागून गार्डच्या डब्याचा खडखड आवाज लांब लांब होत गेला. पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं पुढे आलं होतं. दोन घरं नाही. एकच.

दार उघडं होतं. बाहेर माणसं होती, तिचे बाबा कुठेतरी एकटे उभे असतील. तिला उठून पळता आलं असतं. पण चाल तिची होती.

दुर्गेश्वरीने हात उचलला. घोड्याकडे नेला, मग प्याद्याकडे, आणि पटाच्या वर अधांतरी थांबवला. बोटं सोंगट्यांपासून जेमतेम पेरभर वर होती. आता जिला हात लागेल तीच चालावी लागणार होती. समोरच्या खुर्चीतून कुणीतरी त्या बोटांकडे पाहत होतं. अगदी शांतपणे, चांगल्या, स्वच्छ डोळ्यांनी.